पंचेचाळीसचं कडं

खरेदीच्या यार्डात धनलक्ष्मीच्या गळ्यात दोन गोष्टी लोंबत असायच्या. एक ओळखपत्र आणि दुसरं सुतळीत ओवलेलं लोखंडी कडं. ओळखपत्राकडं कोणी ढुंकून बघत नसे. कडं मात्र लांबूनच नजरेत भरायचं आणि ते दिसलं की ट्रॅक्टरवरचा माणूस आपोआप टोपी सारखी करायचा. पंचेचाळीस मिलिमीटरचं कडं ते. कांदा त्यात अडकून राहिला तर पास, खाली निसटला तर गोल्टी. गोल्टी सरकारी खरेदीत चालत नव्हती.

यंदा ऐन काढणीत अवकाळीनं गाठलं होतं. पात पिवळी पडायच्या आत पाऊस आला, कांदे जमिनीतच फुगायचे थांबले आणि वर आले ते लिंबाएवढे. सोलापूरच्या बाजारात व्यापारी माल बघायलासुद्धा जागचे उठत नव्हते. अक्कलकोट रस्त्यावरच्या शेतकऱ्यांच्या कंपनीनं सरकारसाठी खरेदी उघडली, तेव्हा पाच-पंचवीस गावांचा कांदा तिथं येऊन रांगेला लागला. त्या रांगेच्या तोंडाशी धनलक्ष्मी उभी असायची. ग्रेडर मॅडम. गावातले लोक धनाक्का म्हणायचे.

गेल्या आठवड्यात तिच्या बापाचा, शिवलिंगप्पाचा माल आला होता. लेक बापाला कशी मोजते ते बघायला हमालांनी हातातली पोती खाली ठेवली. धनलक्ष्मीनं कडं काढलं आणि एकेक कांदा त्यातून घातला. निम्म्याहून जास्त माल खाली पडला. पडलेला कांदा आप्पानं स्वतःच्या हातानं पोत्यात भरला आणि आणला तसा घरी नेला. आजही तो गोठ्याशेजारच्या छपरात पसरलेला होता. त्या दिवसापासून यार्डात गयावया करणं बंद झालं. धनाक्काचं कडं सगळ्याला सारखं, असं लोक बोलायला लागले. बाईजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण हे एक होतं आणि ती ते जपत होती.

आणि त्या मंगळवारी बिराजदार सरांची ट्रॉली रांगेत येऊन उभी राहिली.

तिनं नंबरवरून नाही, आवाजावरून ओळखलं. "जरा सावलीत घ्या रे गाडी," असं म्हणणारा तो मऊ, तुपात तळल्यासारखा आवाज तिच्या कानात आठ-नऊ वर्षं बसला होता. तिच्या हातातला कांदा हातातच राहिला.

सिद्धेश्वर बिराजदार हे तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक होते. आता रिटायर होऊन पेन्शन खात होते आणि जमीन वाट्यानं देऊन शेतीही खात होते. धनलक्ष्मी एम.ए.ला होती तेव्हा कांदा लावणीच्या दिवसांत सरांची एक क्षेत्रभेट ठरलेली असायची. क्षेत्र सरांचंच. मुलामुलींनी ओळीनं वाकून चिखलात रोपं खोचायची आणि सरांनी बांधावर छत्री धरून सांगायचं, की भूगोल वाचून येत नाही, जमीन हाताला कळली पाहिजे. हाताला कळायची ती जमीन, पण रोपं सरांची लागायची.

धनलक्ष्मीही लावत होती. दुपारी वाफ्याच्या पलीकडच्या अंगाला रोजगारी बायकांची टोळी आली. त्यात तिची आई होती, सावित्रम्मा. सावित्रम्मानं आधी नुसतं बघितलं, मग पदर खोचला आणि चिखल तुडवत लेकीपाशी आली.

"मी लावतो ते मजुरी घिऊन," ती सरांकडं तोंड करून म्हणाली. "माजी पोरगी फुकट लावायची न्हाय. ऊठ गं धना."

तिनं लेकीचं मनगट धरलं आणि सगळ्या वर्गादेखत तिला बांधावर ओढून काढलं. सर हसले. राहू द्या, राहू द्या, काही हरकत नाही, असं म्हणाले. एवढ्यावर ते संपलं असं त्या मायलेकींना वाटलं होतं.

निकाल लागला तेव्हा कळलं, काही संपलेलं नव्हतं. लेखी परीक्षा विद्यापीठाची, त्यात तिला चांगले मार्क होते. पण पेपरामागं वीस मार्क कॉलेजच्या हातात असायचे, त्यांना अंतर्गत गुण म्हणायचे. ज्यांनी संध्याकाळपर्यंत रोपं लावली होती त्यांना अठरा, एकोणीस मिळाले होते. धनलक्ष्मीला सरांच्या दोन्ही पेपरांत आठ-आठ. आठ म्हणजे पास होण्यापुरते. त्यात ती मेली नाही आणि जगलीही नाही.

बेरीज झाली चोपन्न पूर्णांक सहा. सेकंड क्लास.

सावित्रम्माला वाटलं पोर पास झाली, तिनं मारुतीला नारळ फोडला. पास झालेल्यांतही पंगती असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. साठाच्या वर फर्स्ट क्लास, त्याच्याही वर डिस्टिंक्शन. पंचावन्न ते साठ हायर सेकंड. त्याखाली नुसता सेकंड, आणि त्याच्या खाली पास क्लास. कागद सगळ्यांना एकाच रंगाचा मिळतो, पदवीचं नावही एकच असतं, पण एम.ए.ला पंचावन्न असल्याशिवाय ओपनच्या मुलीला प्राध्यापकीच्या परीक्षेला बसूच देत नाहीत. चोपन्न पूर्णांक सहाचे पंचावन्न कोणी करून देत नाही. राउंड ऑफ होत नाही, असं खिडकीतल्या कारकुनानं तिला तोंडावर सांगितलं होतं. तिच्या बाकावरची चंद्रिका लेखीत तिच्यापेक्षा मागं होती, पण दिवे लागेपर्यंत रोपं खोचत होती. ती आज कुर्डुवाडीला कॉलेजात शिकवत होती.

धनलक्ष्मी तेव्हा सरांना भेटायला गेली होती. सरांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "अंतर्गत गुण हे अंतर्गत असतात, बाळ. त्याची चर्चा होत नसते." श्रेणी सुधारायची सोय होती, पण तीही त्याच कॉलेजातून, त्याच सरांच्या सहीनं. तिनं ती केली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. आईनं मात्र तेव्हापासून स्वतःला माफ केलं नव्हतं. मी हात धरला न्हसता तर, एवढंच ती कधीमधी चुलीसमोर पुटपुटायची आणि पुढचं वाक्य गिळायची.

तेच सर आता पांढरा सदरा घालून, हातरुमाल मानेवर ठेवून धनलक्ष्मीपुढं येऊन उभे राहिले.

"तू आमच्याच कॉलेजची ना?" ते म्हणाले. "चेहरा ओळखीचा वाटतो. फर्स्ट क्लास असशील. छान, छान. आपल्या मुली पुढं आल्या पाहिजेत."

तिला वाटलं होतं ते आपल्याला ओळखतील, कचरतील, निदान नजर चुकवतील. इतकी वर्षं तिनं मनात ज्याच्याशी भांडण केलं होतं त्या माणसाच्या मनात तिला पाय टेकायलाही जागा नव्हती. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिनं सुतळी डोक्यावरून काढली आणि कडं मुठीत धरलं.

मॅनेजर त्या दिवशी सोलापूरला मीटिंगला गेला होता, म्हणजे यार्डात तिच्या शब्दावर शब्द नव्हता. ट्रॉलीतून नमुन्याचा ढीग खाली ओतला गेला. शेजारी बिरप्पा आणि त्याची बायको शिवम्मा उभी होती, सरांची जमीन वाट्यानं करणारी. त्यांनीच लावला होता तो कांदा, त्यांनीच भर उन्हात काटला होता. शिवम्माच्या बोटांना पातीचा काळा चीक अजून तसाच होता. धनलक्ष्मी उकिडवी बसली आणि कड्यातून कांदे घालायला लागली. एक अडकला. दोन पडले. एक अडकला. तीन पडले. पडणाऱ्या प्रत्येक कांद्याचा आवाज तिला गोड लागत होता.

सरांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते पानपट्टीवाल्याशी बोलत होते. तिला नवल वाटलं. तेवढ्यात ते मान वळवून बिरप्पाला म्हणाले, की पास झालेला माल माझ्या वाट्याला धर आणि पडलेला तुझ्या. सातबारा माझ्या नावावर, खरेदी माझ्या नावावर, तेव्हा हेच बरं.

बिरप्पानं मान खाली घातली. शिवम्मा म्हणाली, "सर, आमी गोल्टी घिऊन काय करू?"

"खा," सर हसून म्हणाले. "घरात कांदा लागतोच की."

धनलक्ष्मीचा हात थांबला. म्हणजे इतका वेळ ती जे पाडत होती ते सरांचं नव्हतंच. तिच्या सुडाचा प्रत्येक कांदा शिवम्माच्या पदरात पडत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आता कडं ढिलं करावं तर सरांचं भलं आणि घट्ट धरावं तर या बाईचं वाटोळं. त्या माणसानं आजही, न बघता, न ओळखता, तिचे हात बांधून टाकले होते. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

निवडणीच्या बायकांत सावित्रम्मा बसलेली होती. सरांचा आवाज तिनंही ओळखला होता आणि मघापासून ती सूप बाजूला ठेवून बघत होती. ती गुडघ्यावर हात रेटून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलली.

"वाट्याची रीत काय असती, बिरप्पा? वाटेकऱ्यानं दोन ढीग लावायचं आन् धन्यानं एक उचलायचा. ते रानात हुतंय, चाळणीखाली न्हवं. का सरांच्या पुस्तकात येगळं लिवलंय?"

हमाल हसले. रांगेतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. रीत तीच होती आणि प्रत्येकाला ती ठाऊक होती. जो ढीग लावतो तो निवडत नाही, म्हणून ढीग सारखे लागतात. बिरप्पाला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण पुढच्या साली जमीन हवी असलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी विसराव्या लागतात.

धनलक्ष्मी उठून उभी राहिली. सरांशी ती मुद्दाम पुस्तकी बोलली. "एका ट्रॉलीत दोघांचा माल असेल तर मी चाळणार नाही. आधी वाटणी करा, पावत्या दोघांच्या नावानं वेगळ्या होतील. नाहीतर गाडी रांगेतून बाहेर काढा."

बाहेर काढली तर पुन्हा शेपटीला जावं लागणार होतं आणि शेपूट थेट पेट्रोल पंपापर्यंत गेलं होतं. आभाळही भरून आलं होतं. सरांनी चार माणसांत उदार दिसायचं ठरवलं. "करा बाबा, करा," ते म्हणाले. बिरप्पानं ट्रॉली रिकामी करून पाटीनं दोन ढीग लावले, एक पाटी इकडं, एक पाटी तिकडं. घामानं त्याचा बनियन पाठीला चिकटला. सरांनी दोन्ही ढिगांना फेरी मारली आणि जरा उंच दिसणारा ढीग आपला म्हणून काठीनं दाखवला.

आता कुठं धनलक्ष्मीच्या हातात खरा माल आला.

तिनं सरांच्या ढिगाला कडं लावलं. घाई केली नाही. कांदा उचलायचा, मुळ्या झटकायच्या, कड्यात धरायचा, सोडायचा. पडलेला ढीग वाढत चालला. पानपट्टीवाल्याशी चाललेलं बोलणं थांबलं. सर जवळ आले, मग आणखी जवळ आले, शेवटी तिच्यासमोर वाकले. त्यांनी खालचा एक कांदा उचलला आणि रुमालानं पुसला.

"हा बघ बाळ, केसभर कमी आहे. एका मिलिमीटरनं कांद्याची चव बदलते का?"

"नाही बदलत, सर."

"मग?"

"राउंड ऑफ होत नाही."

तिनं हातातला कांदा सोडला, तो पडला. "चोपन्न पूर्णांक सहा," ती म्हणाली. "एम.ए. भूगोल. तुमच्या दोन्ही पेपरांत आठ-आठ. तुमच्या वाफ्यातून माझ्या आईनं मला ओढून नेलं होतं."

सरांनी निवडणीच्या बायकांकडं बघितलं. सावित्रम्मा बसली नव्हती. "व्हय, म्याच ती," ती म्हणाली.

सरांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. लाज असेल असं धनलक्ष्मीला क्षणभर वाटलं. पण ते कपाळाला हात लावून चक्क हसले. "अगं, मग पुन्हा यायचं नाही का एकदा? मी चार मार्क इकडचे तिकडे करून दिले असते. एवढ्याशा गोष्टीचं काय मनात धरून बसलीस!"

इतकं सोपं होतं ते. ज्या चार मार्कांनी तिची चंद्रिका झाली नाही, ज्यांच्यापायी आईनं चुलीसमोर वाक्यं गिळली, ते यांनी चहा पिता पिता दिले असते आणि चहा पिता पिताच काढून घेतले होते. वैर तरी धरलं असतं तर तिला चाललं असतं. तिला वाटलं, या माणसाला इथंच, या मातीत, सगळ्यांदेखत खाली बसवावं.

तिनं सरांचा ढीग शेवटच्या कांद्यापर्यंत चाळला. तिसरा हिस्सासुद्धा पास झाला नाही. मग ती शिवम्माच्या ढिगाकडं वळली. कडं तिनं गळ्यात अडकवलं, दोन्ही हात ढिगात घातले, चार कांदे वरखाली केले आणि हमालाला म्हणाली, "भर. सगळा पास."

हे दयेनं केलं असं तिनं पुढं स्वतःला सांगून बघितलं. पण दया त्यात चिमूटभर होती. बाकी सगळं सरांच्या तोंडाकडं बघत केलं होतं.

"एक मिनिट," सरांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तिच्या मालाला कडं लावलं नाहीस तू. एकाच रानातला कांदा आहे. मी बघतोय."

"नाही लावलं," धनलक्ष्मी म्हणाली.

"का? कारण सांग."

काट्यावरचा हमाल पोतं धरून उभा होता. ती सरांच्या एक पाऊल जवळ गेली आणि त्यांच्याच मऊ आवाजात बोलली. "ते अंतर्गत असतं, सर. त्याची चर्चा होत नसते."

आधी सावित्रम्मा हसली. मग निवडणीच्या बायका, मग रांग. कशाला हसतोय हे निम्म्यांना कळलंही नव्हतं, पण सरांचा चेहरा बघून हसू येत होतं. सरांनी तक्रार करीन म्हणून सांगितलं, वर कळवीन म्हणाले. पण त्या हसण्यात त्यांचं बोलणं पोचलं नाही. त्यांनी बिरप्पाला गोल्टी भरायला सांगितली. बिरप्पा आपल्या पोत्याची सुतळी आवळत म्हणाला, "माजा ढीग येगळा झाला की, सर."

हमालांनी दुसरीकडं तोंडं फिरवली. पाऊस कधीही येईल अशी हवा होती. शेवटी बिराजदार सर पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर करून खाली वाकले आणि लिंबाएवढे कांदे दोन्ही हातांनी पाटीत ओढायला लागले. कमरेतून वाकायची त्यांना सवय नव्हती. थोड्या वेळानं ते गुडघ्यांवर आले. धनलक्ष्मी पुढची गाडी घ्यायची सोडून ते बघत उभी राहिली. छत्री कुणी धरली नाही.

घरी येताना मायलेकी बोलल्या नाहीत, पण सावित्रम्माची चाल तरण्या बाईसारखी झाली होती. घरी पोचताच तिनं पिठात पाणी घातलं आणि भाकरी थापता थापता आप्पाला सगळं सांगितलं. सर कसे वाकले, रुमाल कसा मातीत पडला, धना त्यांच्याच आवाजात कशी बोलली. सांगताना तिनं दोनदा पदरानं डोळे पुसले. इतक्या वर्षांनी तिनं गिळलेलं वाक्य पुरं केलं, "मी हात धरला हुता ते बरंच झालं म्हनायचं." धनलक्ष्मीनं आईला एवढं मोकळं कधी बघितलं नव्हतं. तिचाही ऊर भरून आला.

आप्पा खोकला लागेपर्यंत हसला. त्यानं परत परत विचारून ते अंतर्गताचं वाक्य ऐकलं. मग भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तो म्हणाला, "मग उद्या आमचं बी घिऊन येऊ का गं? छपरात पडल्यालं? अंतर्गतात काय बसतंय का बगावं."

सावित्रम्माचा हात परातीत थांबला.

छपरातून कांद्याचा वास येत होता. अवकाळीचा माल, त्याला कोंब फुटायला लागले होते. धनलक्ष्मीला सरांची वाकलेली पाठ आठवली की अजूनही गोड वाटत होतं. ती पाठ तिला पुन्हा दाखवली असती तर तिनं पुन्हा तेच केलं असतं. पण आप्पाकडं तिला बघवेना. कडं गळ्यातच राहिलं होतं, ते जेवताना ताटाच्या काठाला लागून वाजत होतं. तिनं ते मुठीत धरलं.

आप्पा हसत होता, पण उत्तराची वाट बघत होता.